क्यूआर लावला, पण काउंटरवरच्या पोराला काय कळतं?

साउंडबॉक्स, व्हॉट्सॲप बिझनेस आणि बिलिंग ॲप कसं सुरू करायचं, ते व्हिडिओत पाहिलंच आहे. इथे त्याच्या पुढचा मुद्दा घेऊ. ही साधनं आली की दुकानातलं काम नेमकं कसं बदलतं?

बरेच जण सांगतात, वेळ वाचतो. वाचतो, खरं आहे. पण मोठा बदल दुसराच असतो. प्रत्येक नवीन साधन दुकानात कुणाला काय कळतं, हे बदलतं. ते तुम्ही ठरवलं नाही, तर साधन आपोआप ठरवतं. मग भांडणं सुरू होतात.

समजा, तुमचं खंडाळ्यात चिक्की आणि फजचं दुकान आहे. जुन्या पद्धतीत मालक गल्ल्यावर, पोरगा वजनकाट्यावर. भाव, उधारी, कुठला माल संपत आलाय, सगळं मालकाच्या डोक्यात. त्यामुळे मालकाला दुकान सोडून हलता येत नाही.

१. पैसे आले, हे कुणाला कळतं?

यूपीआय 2016 साली आलं आणि काही वर्षांत टपरीपर्यंत पोहोचलं. क्यूआर दुकानात, पण पैसे मालकाच्या खात्यात आणि मेसेज मालकाच्या फोनवर. आता मालक माल आणायला पुण्याला गेलाय. शनिवारची गर्दी आहे. गिऱ्हाईक मोबाईल दाखवून म्हणतं, "झालं पेमेंट." पोराने काय करायचं? दर वेळी फोन करायचा, की स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवायचा? संध्याकाळी हिशोब जुळला नाही की संशय त्याच्यावर. म्हणजे जबाबदारी त्याची आणि माहिती मात्र दुसऱ्याकडे!

साउंडबॉक्स हाच प्रश्न सोडवतो. त्यात स्वतःचं सिम असतं आणि निरोप पेमेंट कंपनीकडून येतो, गिऱ्हाइकाच्या फोनवरून नाही. म्हणून खोटा स्क्रीनशॉट त्याला फसवू शकत नाही. नियम एकच ठेवा: आवाज आला, मगच पिशवी हातात. काही मर्चंट ॲपमध्ये कामगाराला फक्त व्यवहार बघण्यापुरतं वेगळं लॉगिन देता येतं, तेही द्या. आणि आपल्याकडच्या पावसात लाइट आणि नेटवर्क दोन्ही दगा देतात. तेव्हा काय करायचं ते आधीच सांगून ठेवा. सुट्टे पैसे गल्ल्यात हवेतच.

२. गिऱ्हाईक कुणाच्या ओळखीचं?

2002 मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे पूर्ण झाला, तेव्हापासून कितीतरी गाड्या गावात न शिरताच जातात. खोपोली ते कुसगाव 'मिसिंग लिंक' तर घाटच टाळण्यासाठी आखलेली. रस्त्यावरून जाणाऱ्या गिऱ्हाइकावर आयुष्यभर विसंबता येणार नाही. एकदा आलेल्याने घरून पुन्हा ऑर्डर द्यायला हवी.

ती ऑर्डर येते व्हॉट्सॲपवर. पण कुठल्या नंबरवर? कामगाराच्या खासगी नंबरवर येत असेल, तर तो गेला की गिऱ्हाइकंही गेली. मालकाच्या खासगी नंबरवर येत असेल, तर मालक लग्नाला गेला की ऑर्डर अडली. म्हणून दुकानाचं वेगळं सिम घ्या. एका खात्याला मुख्य फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात. 'नवीन ऑर्डर', 'पैसे बाकी', 'पाठवली' अशी लेबलं लावा. मग दुसऱ्या माणसालाही काम कुठे थांबलंय ते विचारावं लागत नाही.

३. दुकान बंद कधी होतं?

शटर रात्री नऊला खाली येतं, फोनला शटर नसतं. अकरा वाजता कुणीतरी विचारतं, "उद्या उघडं आहे का?" त्यासाठी आपोआप जाणारा मेसेज लावून ठेवा. मालकाने रात्री ग्रुपवर "उद्याचं पॅकिंग काढून ठेव रे" टाकलं, तर ते कामच झालं. पोरगा नाही म्हणू शकत नाही, म्हणून ते फुकट धरू नका. कामाचे निरोप कामाच्या वेळेत द्या. सीझनला रात्री काम लागणार असेल, तर त्याचे पैसे आधी ठरवा. चांगला कामगार मिळणं ॲप मिळण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

४. हिशोब कुणाला दिसतो?

बिलिंग ॲपमध्ये कुठली चिक्की संपत आली ते काउंटरवर दिसू दे. खरेदीचा भाव आणि नफा फक्त मालकाला दिसला तरी चालेल. ही विभागणी पहिल्याच दिवशी करा.

आणि लक्षात ठेवा, डिजिटल व्यवहार करखात्यालाही दिसू शकतात. 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला साधारणपणे वर्षाला 40 लाखांच्या वर उलाढाल गेली की नोंदणी लागते. सेवेसाठी ही मर्यादा 20 लाख आहे. काही बाबतीत मर्यादा गाठायच्या आधीही नोंदणी लागते, म्हणून सीएला विचारून घ्या. घरचे, मित्रांचे पैसे आणि दुकानाची विक्री एकाच खात्यात येत असेल, तर वेगळं काढताना तुमचीच दमछाक होईल. दुकानाचं खातं वेगळंच हवं.

आजचा गृहपाठ

एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात माहिती लिहा: पैसे आले, ऑर्डर आली, माल संपला, उधारी राहिली. दुसऱ्यात, आज ती कुणाला कळते. तिसऱ्यात, काम करायला ती कुणाला कळायला हवी. जिथे दुसरा आणि तिसरा रकाना जुळत नाही, तिथेच तुम्हाला साधनाची गरज आहे. बाकी ठिकाणी वही चालते. पैसे खर्च करण्याआधी हा कागद भरा, आणि भरताना काउंटरवरच्या पोरालाही शेजारी बसवा. अडचण कुठे येते, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.