वयाची मुदत आणि सेनाधिकारीपद

कायद्याच्या दरबारात मुदतीइतके निष्ठुर दुसरे काही नाही. हक्क कितीही निर्विवाद असो, पुरावा कितीही सबळ असो, दावा मुदतीबाहेर गेला की न्यायाधीशाचाही नाइलाज होतो. सेनाधिकारी होऊ इच्छिणाऱ्या तरुणासही हाच न्याय लागू आहे. अंगी गुण असून केवळ वय उलटल्यामुळे परत फिरावे लागणे, यासारखे दुर्दैव नाही. आणि ते बहुधा टाळता येण्याजोगे असते, म्हणूनच आम्ही आज हा विषय हाती घेतला आहे.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेश घेणाऱ्याचे वय शिक्षणक्रम सुरू होतेवेळी साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या दरम्यान असावे लागते. संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोन वेळा परीक्षा घेतो. तीत गणितास 300, सामान्य क्षमतेस 600 व पुढील मुलाखतमंडळाच्या कसोटीस 900 गुण असतात. बारावीत कोणतीही शाखा घेतलेला विद्यार्थी भूदलासाठी अर्ज करू शकतो. मात्र गणिताची प्रश्नपत्रिका कोणासच चुकत नाही. वयात सवलत नाही. ही संधी हुकली तर पदवीधरास दुसरी वाट आहे: देहरादूनच्या अकॅडमीसाठी 24 वर्षांपर्यंत, चेन्नईच्या अल्पमुदतीच्या कमिशनसाठी 25 वर्षांपर्यंत. परंतु तेथेही मुदत आहेच.

आता आमच्या खेड्यांतील व्यवहार पाहा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीसाठी 1 जून ही जन्मतारीख लिहावी आणि बापाने मान डोलवावी, ही रीत महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? मुलास वर्ष आधी शाळेत बसविण्यासाठी वय वाढवून सांगणारे पालकही आहेत. तीच तारीख पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर उतरते, आयोग तीच प्रमाण मानतो, आणि एकदा अर्जात नमूद झाली की मागाहून बदलू देत नाही. शाईच्या एका फटकाऱ्याने मुलाच्या तीन वर्षांच्या मुदतीतील एक वर्ष असे नाहीसे होते! दुरुस्ती करावयाची ती मूल शाळेत आहे तोवरच केली पाहिजे.

1918 साली सँडहर्स्टच्या विद्यालयात हिंदी तरुणांस वर्षाला अवघ्या 10 जागा देऊ करण्यात आल्या, आणि देहरादूनची अकॅडमी निघण्यास 1932 साल उजाडले. त्या काळी दार परक्यांनी अडविले होते. आज पुण्याच्या उशाशी ते उघडे असताना आम्ही अज्ञानाने उंबरठ्याबाहेर राहावे काय?

मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. प्रबोधिनीची परीक्षा देण्याचा मार्ग त्यांस सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या हुकुमाने मोकळा झाला. 2022 साली पहिली तुकडी दाखल झाली आणि मे 2025 मध्ये 17 जणी शिक्षणक्रम पुरा करून बाहेर पडल्या. उमेदवार अविवाहित असला पाहिजे, अशी अट आहे. आणि नेमक्या याच वयात कित्येक घरांत मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. न्यायालयाने उघडलेले दार बापाने लावून घ्यावे, याहून मोठी विसंगती कोणती?

तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था छत्रपती संभाजीनगर येथे 1977 पासून मुलांस, व नाशिक येथे 2023 पासून मुलींस, दहावीनंतर या परीक्षेसाठी तयार करते. अर्थात निर्णय घेण्याचे खरे वय 15 आहे, 18 नव्हे. तेव्हा प्रत्येक माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी नववीच्या वर्गात या अटी वाचून दाखवाव्यात, जन्मतारखांची नोंद तपासावी आणि गणित सोडू पाहणाऱ्या मुलामुलींस त्याचा परिणाम समजावून द्यावा. यास सरकारी ठरावाची किंवा पैशाची गरज नाही. एक तास पुरे. तेवढा तास जी शाळा देणार नाही, तिने प्रजासत्ताकदिनी ध्वजापुढे देशभक्तीवर कितीही भाषणे करविली तरी ती व्यर्थ होत, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.