मोडेम सारखा गटांगळ्या खातोय? आधी अडॅप्टर बघा!

सोमवार, सकाळचे सव्वादहा. टीमचा कॉल रंगात आलाय, स्क्रीनवर तुमची शीट आहे, आणि अचानक सगळ्यांचे चेहरे गोठतात. कोपऱ्यातल्या मोडेमचे दिवे विझतात आणि मग एकेक करत परत लागतात. दोन-तीन मिनिटांनी तुम्ही 'सॉरी, सॉरी' करत परत येता, तोवर तुमचा मुद्दा दुसराच कुणीतरी मांडून मोकळा झालेला!

दिव्यात राहणाऱ्याला हे परवडत नाही. इथे घरून काम म्हणजे लाड नव्हेत. भरून आलेल्या लोकलच्या दारात घुसण्याची लढाई त्या दिवसापुरती टळते, एवढंच. ९ जून २०२५ला दिवा-मुंब्रादरम्यान दारातले प्रवासी पडून जीव गेले, तेव्हापासून आमची आई माझे 'घरचे' दिवस मोजत असते. 'तुझं नेट टिकत नाही, ऑफिसलाच ये,' असं साहेब म्हणाले की संपलंच.

माझा मोडेम महिनाभर असाच छळत होता. कॉल सेंटरचा मंत्र एकच: बंद करून चालू करा. अहो ताई, तो स्वतःच तेच करतोय!

शेवटी दिव्यांकडे नीट बघितलं. पॉवरचा दिवा कायम आणि फायबरचा 'एलओएस' लाल असेल, तर घोळ लाइनचा. नेटवाल्या दादाला बोलवा. पण पॉवरसकट सगळेच दिवे विझत असतील, तर घोळ घरातच: वीज, उष्णता किंवा खुद्द मोडेम. (वैतागून ते बारीक भोकातलं रीसेटचं बटण मात्र दाबू नका. सगळं सेटिंग पुसलं जातं. मी दाबलं होतं. दोन दिवस नेट नव्हतं.)

मग वेळा लिहून ठेवल्या. सकाळी सव्वादहा, संध्याकाळी सात. रोज! चौथ्या दिवशी ट्यूब पेटली: याच वेळी वॉचमनकाका पाण्याचा पंप सुरू करतात.

पंप सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली येतं. अडॅप्टरवर 'इनपुट १००-२४० व्होल्ट' लिहिलेलं असतं, म्हणजे धडधाकट अडॅप्टर एवढा धक्का सहज पचवतो. पण वर्षानुवर्षं गरम होऊन आतला कपॅसिटर वाळतो आणि मग तो दम धरत नाही. इलेक्ट्रिशियनने मीटर लावून 'बारा व्होल्ट, एकदम ओके' म्हणून सांगितलं होतं. ते माप बिनओझ्याचं! मोडेम जोडून वायफाय सुरू झालं की खरी परीक्षा.

शेजारच्या काकूंनी नेट बंद केलंय, त्यांचा जुना अडॅप्टर मागून आणला. इथे घाई नको. व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, पिन आणि तिची प्लस-मायनसची खूणही जुळायला हवी. लाइट जाते म्हणून मिनी यूपीएस घेणार असाल, तर त्यालाही हाच नियम. शिवाय बरेच यूपीएस चार्ज होतात ते मोडेमच्याच अडॅप्टरवर, त्यामुळे तो आधी बदला. आणि मोडेम सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावरून खाली उतरवा, प्लीज!

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला मी कॉल म्यूट करून मोडेमसमोर बसलो. खाली पंप घरघरला, ट्यूबलाइट जराशी मिचकावली, मोडेमचा हिरवा दिवा तसाच. संध्याकाळी नवा अडॅप्टर आणला आणि काकूंचा परत केला.