अंगणातलं लग्न

लग्नाची हळद घरी दळायची तर जातं लागतं, आणि सिल्वासात आमच्या वस्तीत एकाही घरात जातं नव्हतं. इथली बहुतेक मराठी कुटुंबं नाशिक, धुळे, जळगावकडून कंपन्यांतल्या नोकऱ्यांसाठी आलेली. मिक्सर, गिरणी सगळं हाताशी. शेवटी जातं आलं ते आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या वारली मावशींच्या पाड्यावरून. त्यांच्या घरी अजून नागली जात्यावर दळतात. तळी आणि पाळ दोन वेगळ्या खेपांत रिक्षातून आणली.

जात्याला आंब्याची डहाळी, हळकुंड आणि सुपारी बांधली. पण हळकुंड म्हणजे धान्य नव्हे. ते अख्खं टाकलं तर पाळ वर उचलली जाते आणि खुंटा हातात थरथरतो. मावशींनी ते आधी उखळात फोडायला लावलं. मग मुठीत मावेल त्याहून कमी घास आणि हळू फेरे. पहिल्या दळणात भरड पडली. ती पुन्हा घातली, वस्त्रगाळ केली, तेव्हा कुठे अंगाला लावण्याजोगी हळद झाली. पाच सुवासिनी आळीपाळीने बसल्या. ओव्या आमच्यापैकी कुणालाच पुऱ्या येईनात. महदंबेने तेराव्या शतकात रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले, हे शाळेत शिकलेल्या आम्ही बायका. पण गायची वेळ आली तेव्हा गायल्या त्या मावशी. त्यांच्यात लग्न लावते ती धवलेरी, गाणी म्हणत, आणि सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, मधोमध पालघट देवी. लग्नाचा इतका मोठा भाग बायकांच्या हातात असतो, हे इतकी वर्षं शेजारी राहून मी कधी नीट विचारलंच नव्हतं.

लग्न घरी करायचं हे लेकीने ठरवलं. तिची एकच अट: ज्यांना मी नावाने हाक मारू शकते तेवढीच माणसं. ह्यांना ते जड गेलं. भावकीत बोलणी बसतील याची धास्ती खरी होती, आणि दोन ठिकाणी ती बसलीही. तरी यादी साठाच्या आत राहिली. माघातली थंडी होती म्हणून अंगणात मांडव घालता आला. वऱ्हाड नाशिकहून पेठ, कपराडा, नानापोंढा अशा घाटरस्त्याने पहाटेच पोचलं.

देवक, केळवण, ग्रहमख हे नेहमीसारखं झालं. लिहायचं आहे ते मुहूर्ताबद्दल.

पूर्वी लग्नघरी घटिकापात्र मांडत. तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं पाण्यावर सोडायचं. ते भरून बुडालं की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं. आता गुरुजींचा मोबाइल असतो. पण मोठ्या कार्यालयात वेळ पाळली जातेच असं नाही. कुणाची वाट बघतात, फोटोवाला थांबवतो, आणि अक्षता दोनदोनशे हातांतून उडतात. त्यातल्या निम्म्या हातांना नवरी दिसतही नाही. आमच्या अंगणात शेवटची माणसं मांडवाच्या कडेला उभी होती, तीही पाच-सहा पावलांवर. गुरुजींना ओरडावं लागलं नाही. मंगलाष्टकांतला शब्दन् शब्द ऐकू आला.

आमच्याकडे रीत अशी की अंतरपाट धरला की नवरीच्या आईने तुळशीपाशी जायचं, मंगलाष्टकं संपेपर्यंत पाणी घालत राहायचं. लेकीचं लग्न लागताना तिने पाहायचं नाही. कार्यालयात त्यासाठी मागच्या खोलीत एक कुंडी आणून ठेवलेली असते. माझ्या मोठ्या नणंदेने आपल्या मुलीचं लग्न असंच बंद दाराआडून ऐकलं. तिला अजून ते सलतं. माझी तुळस अंगणातच, बोहल्यापासून हाताच्या अंतरावर. रीत मोडली नाही. पाणी घातलं. मानही वळवली. अंतरपाट खाली आला तेव्हा लेकीने आधी नवरदेवाकडे पाहिलं आणि लगेच माझ्याकडे. हे पाहणं कुठल्याही आईला नाकारू नये असं मला मनापासून वाटतं. लग्न कुठेही असो, तुळस आणून बोहल्याजवळ ठेवा.

कन्यादानाची संततधार माझ्याच हातून पडली. लाजाहोमाच्या लाह्या धाकट्याने तिच्या ओंजळीत घातल्या आणि नवऱ्याचा कान असा पिळला की वऱ्हाड हसलं. मग तांदळाच्या सात राशी, सात पावलं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात हेच आहे: सप्तपदी ज्यांच्या रीतीत आहे त्यांचं लग्न सातवं पाऊल पडलं की पूर्ण होतं. एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की विधी न होता नुसतं प्रमाणपत्र घेतलं तर ते लग्न ठरत नाही, आणि लग्न म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे. आमच्या मांडवातली माणसं ती सात पावलं मोजत होती. चौथ्या पावलाला तिचा शालू अडकला तेव्हा तीन बायका एकदम पुढे झाल्या.

जेवण आचाऱ्याने केलं, पण वाढलं आम्ही. मसाले भात, मठ्ठा, जिलेबी. वाढताना प्रत्येकाच्या पानाशी वाकावं लागतं आणि वाकलं की दोन शब्द होतात. नवरदेवाची आत्या जिलेबी का खात नाही, त्याच्या काकांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, हे मला पंगतीत कळलं.

संध्याकाळी झाल. बांबूच्या टोपलीत कणकेचे दिवे लावून ती आम्ही सासरच्या एकेकाच्या डोक्यावर टेकवली, लेक सोपवली. मोठ्या लग्नात इथे कुणीतरी मागून नावं सांगत असतं. मला ती सांगायची कुणाला गरज पडली नाही.

कार्यालयासाठी बाजूला ठेवलेले पैसे दोघांनी नाशिकच्या भाड्याच्या घराची अनामत म्हणून भरले. मांडवपरतणीला आली तेव्हा ती ओट्यापाशी उभी राहून सासरच्या एकेकाचं सांगत सुटली. आत्याबाई असं म्हणाल्या, काकांनी तसं केलं. तिला अडवून ‘हे कोण गं?’ असं मला एकदाही विचारावं लागलं नाही.