मथळ्यांची मर्यादा

पुस्तक हातीं येतांच वाचक आधीं मजकूर वाचीत नाहीं. तो पानें चाळतो आणि मथळ्यांवर नजर टाकतो. कोणतें प्रकरण कोठें सुरू झालें, त्याच्या पोटांत काय आहे, मुख्य कोणतें व गौण कोणतें, हें सारें त्याला मथळ्याच्या अक्षरावरूनच कळतें. म्हणून मथळ्यांना कोणतें वळण, किती जाडी व केवढा आकार द्यावा, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. आम्हांस तो घरांतल्याच एका प्रसंगानें शिकविला.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापावयाचा होता. चार शाखांची माहिती वडीलधाऱ्यांनीं जमविली, आणि आमच्या पुतण्यानें ती संगणकावर 'लाटेक' या अक्षरजुळणीच्या व्यवस्थेंत उतरविली. काम वर्षभर तुकड्यातुकड्यांनीं चाललें. मथळा आला कीं त्याच्यापुरतें अक्षर मोठें करावें, ठळक करावें आणि पुढें जावें, असा आमचा क्रम. मुद्रितें हातीं आलीं तेव्हां पहिल्या दोन शाखांचे मथळे मोठे व ठळक, तिसरीचा लहान व फिका, आणि चौथीचा तिरपा, असा प्रकार दिसला! तिसऱ्या शाखेचे काका घरांत सर्वांत वयोवृद्ध. त्यांनीं मुद्रितें शांतपणें मिटलीं आणि म्हणाले, "आमचे आजोबा भावांत धाकटे होते हें खरें, पण म्हणून आमचें अक्षरहि धाकटें?" आम्हांस खालीं पाहावें लागलें. मनांत भेद नव्हता. पण कागदावर तो उमटला होता.

दोष व्यवस्थेचा नव्हता, आमचा होता. या व्यवस्थेचा पाया असलेलें 'टेक' हें अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनीं रचलें. १९७७ सालीं स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें पाहून त्यांचें मन विटलें, आणि त्यांनीं अक्षरजुळणीचें कामच हातीं घेतलें. पुढें लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं त्यावर 'लाटेक' उभारलें. त्याचें मुख्य सूत्र असें कीं, लेखकानें 'हा मथळा', 'हा पोटमथळा' एवढेंच सांगावें. तो दिसावा कसा, हें ग्रंथाच्या आरंभीं एकदांच ठरवावें. तेथें एक ओळ बदलली कीं त्या पायरीचे ग्रंथांतील सारे मथळे एकसारखे बदलतात. 'टायटलसेक' नांवाचा जोडसंच या कामीं उपयोगी पडतो. मूळ मजकूर १० पॉइंटांचा धरला, तर ठरीव रचनेंत भागाचा मथळा १४.४ पॉइंटांचा, त्याखालचा १२ पॉइंटांचा आणि तिसरा मजकुराएवढाच असतो. म्हणजे प्रत्येक पायरी खालचीच्या १.२ पट, आणि तिन्ही ठळक. पायरी स्पष्ट असावी, पण समान पायरीवरील दोघांत अंतर नसावें, हा घरांतला न्याय येथेंहि लागू आहे.

देवनागरीच्या बाबतींत आणखी कांहीं गोष्टी पाळाव्या लागतात. रोमन लिपींत सारा मथळा कॅपिटल अक्षरांत लिहून वेगळा काढतां येतो. आपल्या लिपींत तो भेदच नाहीं. तिरपें वळणहि रोमन लिपीच्या परंपरेंतलें. देवनागरी अक्षर नुसतें कलतें केलें तर उभे दांडे झुकतात आणि मथळा डळमळीत दिसतो. अक्षरें विरळ केलीं तर शिरोरेषा तुटते. उरतात तीन साधनें: आकार, जाडी आणि मथळ्याभोवतीं सोडलेली मोकळी जागा.

जाडीविषयीं सावध राहावें. निवडलेल्या फाँटांत ठळक ठसा नसेल, तरी लाटेक काम थांबवीत नाहीं. साधाच ठसा घालून पुढें जातें आणि तशी सूचना आपल्या नोंदवहींत लिहून ठेवतें. काकांच्या शाखेचा मथळा असाच फिका झाला होता, आणि ती नोंदवही आम्हीं उघडलीच नव्हती! यंत्राकडून कृत्रिम जाडी आणविली, तर 'ष', 'द्ध', 'क्ष्म' यांच्या पोटांतील पोकळी बुजते. म्हणून ज्याचा ठळक ठसा स्वतंत्र आंखलेला आहे, असाच फाँट घ्यावा. मथळा दोन ओळींचा असेल, तर ओळींतील अंतरहि वाढवावें. नाहीं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना व रफारांना भिडतात.

खिळ्यांच्या काळांत ही मर्यादा बरीचशी आपोआप पाळली जाई. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं मुंबईंत निर्णयसागर छापखाना काढला, त्या युगांत प्रत्येक आकाराचे व जाडीचे खिळे वेगळे ओतावे लागत. त्यांतून जोडाक्षरांमुळें देवनागरीला खिळेहि पुष्कळ. जवळ असलेल्या मोजक्या ठशांतच जुळाऱ्याला भागवावें लागे. आतां ठशांना तोटा नाहीं. म्हणून संयम आपणच आणावयाचा.

आम्हीं हातानें चढविलेला सारा साज उतरविला, एकच फाँट ठेवला आणि मथळ्यांच्या तीन पायऱ्या आरंभींच ठरविल्या. दुसरीं मुद्रितें काकांपुढें ठेवलीं, तेव्हां त्यांनीं आपल्या शाखेचें पान काढलें, मग उरलेल्या तिन्ही शाखांचीं पानें त्याच्याशीं ताडून पाहिलीं, आणि एवढेंच म्हणाले, "आतां छापा."

ज्यांच्या घरीं कुलवृत्तांत, स्मरणिका किंवा वडिलांच्या आठवणी छापण्याचें मनांत असेल, त्यांनीं पहिलें पान जुळविण्यापूर्वीं मथळ्यांच्या पायऱ्या कागदावर लिहून काढाव्यात, एवढीच आमची विनंती आहे.