जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी

तळोज्यात फेज वनमध्ये जा, फेज टूमध्ये जा किंवा जुन्या गावात. बऱ्याच घरांत हॉलच्या एका कोपऱ्यात डेस्कटॉप कॉम्प्युटर झाकून ठेवलेला दिसतो. कुणी तो थोरल्या मुलाच्या एमएस-सीआयटीच्या वेळी घेतलेला असतो, कुणी २०२० साली शाळा घरात आली तेव्हा सेकंडहँड आणलेला असतो, कुणाला एखाद्या कंपनीने जुने संच काढले तेव्हा स्वस्तात मिळालेला असतो. आता त्यावर विणलेला रुमाल आणि रुमालावर फुलदाणी. विचारले की उत्तर ठरलेले, "तो बिघडलाय. भंगारवाला आला की द्यायचाय."

त्यातले काही खरोखर बिघडलेले असतात. पण काहींचे दुखणे इतके किरकोळ असते की घरातली नववी-दहावीतली मुलगीही ते अर्ध्या तासात बरे करील. त्यासाठी कॅबिनेट रिक्षात घालून पनवेलला न्यायची गरज नसते.

आमच्या इमारतीतील एका घरी गेल्या वर्षी असेच झाले. मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता, मुदत संपायला दोन दिवस उरले होते आणि कॉम्प्युटरवर संकेतस्थळ उघडेना. 'कनेक्शन सुरक्षित नाही' एवढेच पडद्यावर येई. एक दिवस सगळ्यांनी सर्व्हर डाऊन असेल म्हणून वाट पाहण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी एका दुकानदाराने फोनवरच निदान केले की मदरबोर्ड गेला, आता नवाच घ्या. "भाईजान, जरा बघता का? हिचे अब्बू ड्यूटीवर आहेत," मुलीच्या अम्मीने सांगितले. आम्ही पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पाहिले. तिथे तारीख होती १ जानेवारी २००९. ती दुरुस्त केली आणि त्याच संध्याकाळी अर्ज भरून झाला.

तारखेचा आणि संकेतस्थळाचा काय संबंध, असे तिच्या अम्मीने विचारले. संबंध सरळ आहे. औषधाच्या पाकिटावर जशी बनवल्याची आणि मुदत संपल्याची तारीख असते, तशी प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असते आणि त्यावरही 'या दिवसापासून या दिवसापर्यंत' असे लिहिलेले असते. आपला कॉम्प्युटर २००९ सालात बसला असेल तर त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नाही. म्हणून ब्राउझर दार उघडत नाही. बँक, महाडीबीटी, प्रवेशाचे अर्ज, सगळीकडे तीच अडचण. तारीख इतकी मागे गेली की विंडोजही अनेकदा ती आपोआप सुधारत नाही.

तारीख मागे जाते कशी? प्रत्येक कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर एका चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कायमचा भरलेला असतो. बटण दाबल्याबरोबर विंडोजच्या आधी तो जागा होतो, मेमरी, कीबोर्ड, हार्ड डिस्क जागेवर आहेत का ते पाहतो आणि मग सूत्रे विंडोजकडे देतो. याला बायोस म्हणतात. गॅरी किल्डॉल यांनी १९७५ च्या सुमारास आपल्या सीपीएम या प्रणालीत हा शब्द आणला. नव्या मशिनमध्ये त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे, पण दुकानात अजून सगळे बायोसच म्हणतात. या बायोसच्या सेटिंग आणि घड्याळ, दोन्ही वीज नसताना एका गोल चपट्या सेलवर जिवंत राहतात. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्यात असा सेल नव्हता. दर वेळी सुरू केला की तो माणसालाच विचारायचा, आज तारीख किती आणि वाजले किती. १९८४ च्या पुढच्या मॉडेलमध्ये सेलवर चालणारे घड्याळ आले. तेव्हा सेल संपलेला आपला कॉम्प्युटर बिघडलेला नसतो. तो १९८१ च्या पीसीसारखा वागू लागतो, एवढेच.

सेल साधारण चार-पाच वर्षे चालतो, कधी जास्तही. प्लगमध्ये वीज असेपर्यंत घड्याळ त्या विजेवर चालते. भिंतीवरचे बटण बंद केले की सेलवर. पोटमाळ्यावर वर्षभर पडलेला संच म्हणूनच बहुधा तारीख विसरून खाली येतो. सुरू करताना काळ्या पडद्यावर 'सीएमओएस चेकसम एरर' किंवा 'प्रेस एफ-१ टू कंटिन्यू' असे येत असेल, तरी रोग तोच समजावा.

नवा सेल सीआर २०३२ या नावाने घड्याळाच्या किंवा मोबाइलच्या दुकानात शंभर रुपयांच्या आत मिळतो. २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, ३ व्होल्ट. हे आकडे त्याच्या नावातच दडलेले आहेत. कॉम्प्युटर बंद करून वायर भिंतीतून काढायची, पॉवरचे बटण दोन-चार सेकंद दाबून आत उरलेली वीज जाऊ द्यायची, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा आणि बाजूचे झाकण उघडायचे. उघडल्यावर आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. सेलच्या बाजूची छोटी क्लिप नखाने सारली की तो वर येतो. पेचकसाने उचकटू नये, बोर्डावर ओरखडा गेला तर किरकोळ काम महाग होईल. अधिकचे चिन्ह असलेली बाजू वर ठेवून नवा बसवायचा.

इथे एक गोष्ट घरातल्या बायामाणसांनी आणि मुलांना सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवायला हवी. हा सेल लहान मुलाने गिळला तर तो अन्ननलिकेत अडकू शकतो, आणि अडकला तर दोन तासांतही आतून भाजल्यासारखी जखम करतो. संपलेला सेलही करतो. नाणे गिळल्यासारखे 'उद्या निघून जाईल' म्हणून थांबायचे नाही. उलटी करवायची नाही. ताबडतोब मोठ्या इस्पितळात न्यायचे आणि सेल गिळल्याचे, त्याचा नंबर सांगायचा. जुना सेल काढल्याबरोबर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून उंच ठेवा. कॉम्प्युटरपेक्षा ही काळजी मोठी.

सेल बदलला की बायोसमध्ये जाऊन तारीख भरायची. जाण्याची वाट प्रत्येक कंपनीची वेगळी. असेंबल केलेल्या बहुतेक संचांत डिलीट, डेलमध्ये एफ-२, एचपीच्या जुन्या संचांत एफ-१०, लेनोवोत बहुधा एफ-१. पडद्यावर सूचना येते, पण जुना मॉनिटर जागा व्हायला दोन-तीन सेकंद घेतो आणि तेवढ्यात ती निघून जाते. म्हणून सूचनेची वाट न पाहता पॉवर दाबल्यापासूनच ते बटण टकटक दाबत राहावे. वायरलेस कीबोर्ड या वेळी ऐकेलच असे नाही, वायरचा लावावा. तोही चालला नाही तर मागच्या जांभळ्या गोल भोकात बसणारा जुना कीबोर्ड शेजाऱ्याकडून मागून आणावा. तो हटकून चालतो.

निळा किंवा करडा पडदा येईल, माउस बहुधा चालणार नाही. बाणांच्या बटणांनी फिरायचे, एंटरने आत जायचे, एस्केपने बाहेर यायचे. नुसते पाहिल्याने काही बिघडत नाही, हे मुलांना आधी सांगावे, म्हणजे हात थरथरत नाहीत. शेवटी 'सेव्ह न करता बाहेर पडा' हा पर्याय असतोच. तारीख भरताना मात्र एक फसगत आहे. इथे बहुतेक वेळा महिना आधी आणि दिवस नंतर. ५ जुलै हा ०७/०५ असा लिहायचा. आपल्या सवयीने लिहिला तर तो ७ मे होतो. भरून झाले की एफ-१० दाबून सेव्ह करायचे.

बऱ्याच जणांचे काम इथेच संपते. काहींचे मात्र इथूनच नवे संकट सुरू होते, आणि आमच्या मते सर्वांत जास्त चांगले कॉम्प्युटर याच टप्प्यावर भंगारात जातात. सेल संपला म्हणजे तारखेबरोबर बाकीच्या सेटिंगही कारखान्यातल्या मूळ स्थितीत गेलेल्या असतात. त्यात हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत ठरवणारी एक ओळ असते, साटा मोड किंवा त्यासारख्या नावाची. तिथे आयडीई आणि एएचसीआय असे दोन पर्याय. विंडोज ज्या पर्यायावर टाकलेली असेल त्याच्यावरच ती चालते. मूळ स्थितीत पर्याय बदलला गेला की विंडोजचा लोगो येतो, क्षणभर निळा पडदा दिसतो आणि कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, पुन्हा तेच. पाहणाऱ्याला वाटते हार्ड डिस्क गेली, आता अब्बांचे फोटो, निकाहाचे चित्रीकरण, सगळे गेले. दुकानात 'फॉरमॅट मारावे लागेल' असे सांगणारेही भेटतात. घाई करू नये. बायोसमध्ये जाऊन त्या ओळीवर आत्ता जो पर्याय असेल तो कागदावर लिहून ठेवावा, दुसरा निवडावा, सेव्ह करावे आणि पाहावे. पुष्कळदा विंडोज जशी होती तशी उघडते. नाही उघडली तर पहिला पर्याय परत लावावा. फॉरमॅटला होकार देण्याआधी एवढा एक प्रयत्न आपला हक्कच आहे.

दुसरी ओळ बूट ऑर्डरची. कॉम्प्युटरने विंडोज आधी कुठे शोधायची याचा तो क्रम. जुन्या संचांत कधी कधी फ्लॉपीसुद्धा पहिल्या क्रमांकावर असते. यूएसबी वर असेल आणि मुलाने पेन ड्राइव्ह तसाच लावून ठेवला असेल, तर 'सिस्टम डिस्क घाला' असा संदेश येऊन गाडी थांबते. पेन ड्राइव्ह काढला की चालू. कायमचा उपाय म्हणजे हार्ड डिस्क पहिल्या जागी आणणे. काही बायोस पेन ड्राइव्हलाही हार्ड डिस्कच समजतात आणि त्यांची आत वेगळी यादी ठेवतात; तीही पाहावी.

पावसाळ्यात वीज जाते-येते तेव्हा काही कॉम्प्युटर आपोआप चालू होतात. रात्री दोन वाजता पंखा घुमू लागला की घरातली म्हातारी माणसे घाबरतात. पॉवरच्या पानावर 'वीज गेल्यानंतर' काय करायचे याचा पर्याय असतो, तो 'पॉवर ऑफ'वर ठेवावा. त्याच सुमारास हार्डवेअर मॉनिटर नावाच्या पानावर प्रोसेसरचे तापमान दिसते. चाळीस-पन्नास अंश असेल तर ठीक. नुसते बायोसमध्ये बसलेले असताना ते ऐंशीच्या पुढे चढत असेल, तर अचानक बंद पडण्याचे कारण सापडले म्हणून समजा: पंख्यात धूळ भरली आहे किंवा वरची पेस्ट वाळली आहे.

पासवर्डच्या वाटेला शक्यतो जाऊ नका. मुलांना रोखण्यासाठी अब्बूंनी ठेवलेला पासवर्ड दोन वर्षांनी अब्बूंनाच आठवत नाही. सेकंडहँड संच घेताना मात्र दुकानातच बायोस उघडून दाखवायला सांगा. पासवर्ड मागितला आणि दुकानदाराला तो ठाऊक नसेल, तर तो संच तिथेच ठेवावा.

आणि बायोसचे अपडेट? आमचे मत स्पष्ट आहे : संच चालत असेल तर करू नये. मधेच वीज गेली की चिपमधला प्रोग्रॅम अर्धवट राहतो आणि मग बटण दाबूनही काही उठत नाही. २६ एप्रिल १९९९ रोजी तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच नावाचा व्हायरस जागा झाला, त्याने आशियातल्या असंख्य संचांची हीच चिप पुसून टाकली होती. चिप पुसली गेली की चांगले मशिनही दगड होते, हे त्या दिवशी पुष्कळांना कळले.

एवढे करूनही जुना संच नवा होत नाही, हे खरे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला साधारण २०१७-१८ च्या आधीचे प्रोसेसर चालत नाहीत. बँकेच्या व्यवहाराला असा संच वापरू नये. पण चार जीबी मेमरी असेल तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन, बूट ऑर्डरमध्ये यूएसबी तात्पुरती वर आणून, काहीही न पुसता चालवून पाहता येते. मराठी टंकलेखन होते, अर्ज भरले जातात, मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता येते. जमले तर ठेवावी.

आणि द्यायचाच ठरला तर हार्ड डिस्क काढून घरात ठेवा. चार स्क्रू असतात. भंगारात काही ठिकाणी तांब्यासाठी वायरी आणि बोर्ड जाळतात, तो धूर विषारी असतो. त्यापेक्षा ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे किंवा कंपनीच्या परत घेण्याच्या योजनेत संच द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत ती जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. उंचावर चिकटपट्टी लावून ठेवलेला तो जुना सेलही त्याच वेळी सोबत द्या.