घरात शिरणारे दुर्गंधी ढेकूण व त्यांचा बंदोबस्त

पुणे-सोलापूर रस्त्यावरील लोणी काळभोर, कदमवाकवस्ती, कुंजीरवाडी व थेऊर हा पट्टा मुठा कालव्याच्या पाण्यावर पोसलेला आहे. ज्या खडकवासला धरणातून हे पाणी येते, ते 1879 साली बांधून पुरे झाले. ऊस, भाजीपाला व चारा ही येथील नेहमीची पिके होत. अलीकडे पुणे शहराची वस्ती या मळ्यांपर्यंत येऊन भिडली आहे. त्यामुळे एका बाजूस गवारीचे वाफे, दुसऱ्या बाजूस नवे पक्के घर आणि दोहोंच्या मधोमध रात्रभर जळणारा प्रखर पांढरा दिवा, असे दृश्य ठिकठिकाणी दिसते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात दिवेलागणीनंतर हिरवे वा तपकिरी, ढालीच्या आकाराचे किडे घरात येऊन भिंतीवर बसतात, ताटात पडतात आणि चिरडले गेल्यास असह्य वास सोडतात. हेच दुर्गंधी ढेकूण होत. त्यांचा बंदोबस्त अवघड नाही. परंतु तो करताना शेतातील विषारी औषध घरात आणण्याची चूक काही ठिकाणी होते. ती टाळावी, हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

किडीची ओळख

ढेकूण म्हटले की खाटेतील, माणसाचे रक्त पिणारा किडा डोळ्यांपुढे येतो. येथे वर्णिलेला कीटक त्याहून वेगळा आहे. खाटेतील ढेकूण लहान व चपटा असून त्यास उडता येत नाही. दुर्गंधी ढेकणास पंख असतात व तो वनस्पतींचा रस शोषून जगतो. तो घरात वीण वाढवीत नाही, साठविलेले धान्य पोखरीत नाही आणि माणसांत रोगही पसरवीत नाही. यास्तव तो दिसताच घाबरून जाण्याचे कारण नाही.

आपल्याकडे नेहमी आढळणारा हिरवा ढेकूण सुमारे 12 ते 15 मिलिमीटर लांब असतो. त्याच्या पाठीवर मोठा त्रिकोण असून त्रिकोणाच्या पुढील कडेवर बारीक पांढरे ठिपके ओळीने दिसतात. मादी पानाच्या खालच्या बाजूस पिंपाच्या आकाराची अंडी एकास एक चिकटवून पुंजक्याने घालते. अंड्यांतून निघालेली पिले आरंभी पुंजक्याजवळच घोळक्याने बसतात. त्यांना पंख नसतात व अंगावर रंगीत ठिपके असतात. पाच वेळा कात टाकून ती पूर्ण वाढीस पोहोचतात. उबदार हवेत या सर्वांस साधारण पाच आठवडे लागतात.

मोठ्या ढेकणाच्या छातीच्या खालच्या बाजूस, पायांजवळ, वासाच्या ग्रंथींची तोंडे असतात. पक्षी अथवा अन्य शत्रूने धरताच तो त्यांतून उग्र द्रव सोडतो. पुष्कळांना या वासाने कच्च्या कोथिंबिरीची आठवण होते आणि ती अगदीच चुकीची नाही. कारण दोहोंच्या वासामागे अल्डिहाइड या एकाच वर्गातील द्रव्ये आहेत. हा द्रव डोळ्यांत गेल्यास चुरचुरतो. म्हणून ढेकूण हाताने चिरडू नये.

ते घरात का येतात?

शेंगवर्गीय पिके, टोमॅटो, भेंडी व अनेक प्रकारची तणे ही या किडीची खाद्ये होत. शेंगा व दाणे भरण्याच्या सुमारास तिची संख्या वाढते. दाणे सुरकुततात, कोवळ्या शेंगा गळतात आणि टोमॅटोच्या सालीखाली पांढरट-पिवळे डाग पडतात. पुढे पीक निघाले अथवा वाळले की खाद्य संपते व मोठे ढेकूण उडून अन्यत्र जाऊ लागतात. वाटेत प्रखर दिवा दिसल्यास ते त्याकडे ओढले जातात आणि दिव्याजवळील उघड्या दारा-खिडकीतून आत शिरतात. भाजीच्या जुड्या, हिरवा चारा व बाहेर वाळत घातलेले कपडे यांबरोबरही काही घरात येतात.

थंड प्रदेशांत ही गोष्ट निराळ्या कारणाने घडते. पूर्व आशियातील एक तपकिरी दुर्गंधी ढेकूण 1990 नंतरच्या दशकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात आढळला. हिवाळ्याच्या तोंडावर तो थंडीपासून बचावासाठी शेकडोंच्या संख्येने घरांच्या भिंतींत व माळ्यांवर दडून बसतो. 2010 साली त्या देशाच्या मध्य-पूर्व भागातील सफरचंद बागायतदारांचे त्याने सुमारे 3 कोटी 70 लाख डॉलरचे नुकसान केले. आपल्या मळ्यांतील ढेकूण मात्र मुख्यत्वे दिव्याच्या ओढीने घरात येतात. म्हणून आपल्याकडील बंदोबस्ताचा आरंभ दिव्यापासून केला पाहिजे.

घरासाठी उपाय

1. दारावरील प्रखर पांढरा दिवा काढून तेथे पिवळसर प्रकाशाचा कमी शक्तीचा दिवा लावावा. पांढऱ्या-निळसर प्रकाशाकडे कीटक अधिक येतात. शेजारचे पीक काढल्यानंतरचे काही दिवस बाहेरचा दिवा गरजेपुरताच लावावा.

2. दिवे लावण्यापूर्वी दारे-खिडक्या लावून घ्याव्यात आणि खिडक्यांस डासांची जाळी बसवावी. ढेकूण डासाहून कितीतरी मोठा असल्याने या जाळीतून तो येऊ शकत नाही. मात्र जाळीच्या कडा चौकटीस नीट टेकलेल्या असाव्यात.

3. भिंतीतील भेगा, चौकटीभोवतीची फट व नळाची भोके सिमेंटने बुजवावीत. दाराच्या तळाशी रबराची पट्टी लावावी. नागमोडी पत्र्याचे छप्पर असल्यास पत्रा व भिंत यांमधील पोकळ्या बारीक तारेच्या जाळीने बंद कराव्यात. पुष्कळ घरांत हीच जागा दुर्लक्षित राहते.

4. भाजी, चारा व कपडे बाहेरच झटकून मग आत आणावेत.

5. आत आलेले ढेकूण रुंद तोंडाच्या डब्यात गोळा करावेत. डब्यात एक लिटर पाणी व त्यात चमचाभर धुण्याच्या साबणाची पूड असावी. डबा ढेकणाच्या खाली धरून कागदाने त्यास हलकेच ढकलले की तो पाण्यात पडतो. साबणामुळे त्यास वर येता येत नाही. वास हातास लागल्यास साबणाने हात धुवावेत व डोळ्यांस लावू नयेत.

परसात व मळ्यात

घराच्या भिंतीलगत तण, पाचट वा भाजीचा टाकाऊ पाला साठू देऊ नये. पीक निघताच त्याचे अवशेष कंपोस्टच्या खड्ड्यात टाकून मातीने झाकावेत. परसबागेतील वाल, चवळी व टोमॅटो यांची पाने आठवड्यातून दोनदा उलटून पाहावीत. अंड्यांचे पुंजके व घोळक्याने बसलेली पिले पानासह तोडून साबणाच्या पाण्यात टाकावीत. एक पुंजका वेळीच नष्ट केल्याने पुढे दिव्यावर येणारे कित्येक ढेकूण कमी होतात. पाच टक्के निंबोळी अर्काचा लहान पिलांवर काही अंशी उपयोग होतो.

मात्र पुंजक्यातील अंडी काळी पडलेली दिसल्यास तो तोडू नये. मुंगीहूनही लहान अशी एक परोपजीवी माशी ढेकणाच्या अंड्यांत आपली अंडी घालते आणि अशी अंडी काळपट होतात. या माशीची एक जात 1933 साली इजिप्तमधून मुद्दाम ऑस्ट्रेलियात नेऊन हिरव्या ढेकणाविरुद्ध सोडण्यात आली होती. तद्वतच, खांद्यांवर काट्यासारखी टोके असलेला एक तपकिरी ढेकूण अळ्यांना सोंडेने भोसकून त्यांचा रस शोषतो. सोंडेवर अळी अडकलेला ढेकूण दिसल्यास तो आपला मित्र समजून सोडून द्यावा. मित्र व शत्रू यांची ही पारख ग्रामीण कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस प्रत्यक्ष दाखवून द्यावी.

विषारी औषध घरात नको

ढेकूण वाढले की पिकाचा फवारणी पंप घराच्या भिंतींवर चालविण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. त्याचा उपयोगही टिकत नाही; आज मेलेल्या ढेकणांच्या जागी उद्या दिव्यावर नवे येतात. उलट औषधाचा अंश भांडी, धान्याची कोठी, पाळणा व गोठ्यातील गव्हाण यांवर राहतो. पूर्वी सर्रास सुचविली जाणारी बी.एच.सी. भुकटी भारतात 1997 पासून बंद आहे. कोठे जुना साठा दिसल्यास तो वापरू नये.

मोकळ्या डब्यांविषयीही दक्षता हवी. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील दुपारच्या जेवणातून विषबाधा होऊन 23 मुले दगावली. त्या जेवणातील तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलेले आढळले. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर मृत्यू पावले. मोकळ्या शेतात जे विष माणसाचा जीव घेऊ शकते, ते बंद खोलीत किती घातक ठरेल, याचा प्रत्येकाने विचार करावा.

औषधाच्या डब्यावर विषाची तीव्रता दर्शविणारा रंग असतो. लाल रंग सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व शेवटी हिरवा होय. परंतु हिरवी खूण म्हणजे घरात फवारण्याची परवानगी नव्हे. शेतीची औषधे राहत्या घराबाहेर, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलूपबंद जागी ठेवावीत. रिकामे डबे पाणी, तेल वा धान्य यांसाठी कधीही वापरू नयेत. विषबाधेचा संशय येताच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व औषधाचे वेष्टन डॉक्टरांस दाखवावे.

कार्यकर्त्यांस विनंती

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी मळ्यालगतच्या एका घरी या उपायांचे प्रात्यक्षिक करावे. दिवा बदलणे, पत्र्याखालील पोकळी बुजविणे, पानामागील पुंजका ओळखणे आणि साबणाचा डबा वापरणे, ही चार कामे एका सायंकाळी दाखविता येतात. प्रात्यक्षिकास घरातील स्त्रियांस व शाळकरी मुलांस अवश्य बोलवावे. परसातील पाने रोज त्यांच्याच नजरेखालून जातात आणि घरात विष फवारले गेल्यास पहिली झळही त्यांनाच पोहोचते.