प्रतिपक्षाच्या लेखणीतून : आद्य ख्रिस्ती खंडनग्रंथ आणि ‘बुद्ध’ नावाची एक कथा

एखाद्या पंथाचे सर्व ग्रंथ नष्ट झाले आणि विरोधकांनी केलेले खंडन तेवढे उरले, तर तो पंथ पुढील पिढ्यांना कसा दिसेल? आजीवकांचे तसेच झाले. मक्खली गोसाल आपल्याला भेटतो तो बौद्ध व जैन वाङ्मयात, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या घरी. (हा दाखला आपल्याच बाजूचा आहे, म्हणून तो आधी दिलेला बरा.) ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या चार शतकांतही हेच घडले, आणि त्यात एके ठिकाणी तथागतांचे नावही ओढले गेले.

इ. स. १८० च्या सुमारास गॉलमधील, म्हणजे आजच्या फ्रान्समधील, लियाँचा बिशप इरेनियस याने ज्ञानवादी पंथांविरुद्ध पाच भागांचा ग्रंथ लिहिला. हे पंथ आपल्याजवळ येशूची गुप्त शिकवण असल्याचे सांगत. इरेनियसचा युक्तिवाद साधा होता : येशूच्या शिष्यांजवळ काही गुपित असते, तर ज्यांच्या हाती त्यांनी धर्मसंघ सोपविला त्यांनाच ते प्रथम सांगितले असते. पुढे १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे जुन्या हस्तलिखितांचा साठा सापडला, तेव्हा कुठे या पंथांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत विस्ताराने वाचता आले.

ऑरिजेनची तऱ्हा निराळी. केल्सस या ग्रीक विचारवंताने ख्रिस्ती धर्मावर केलेल्या टीकेला त्याने इ. स. २४८ च्या सुमारास आठ भागांत उत्तर दिले. ते देताना तो विरोधकाचे शब्द उद्धृत करीत गेला. केल्ससचा मूळ ग्रंथ नाहीसा झाला. त्याचा बराच भाग वाचला तो या उत्तरामुळेच!

आता मानीकडे वळू. मानी हा इ. स. २१६ मध्ये बाबिलोनिया प्रांतात जन्मला. बुद्ध, जरथुष्ट्र आणि येशू हे आपले पूर्वसूरी होत, असे तो सांगे; अल्-बिरुनीने हे नोंदवून ठेवले आहे. त्याच्या खंडनार्थ चौथ्या शतकात ‘आर्केलाउसची कृत्ये’ हे पुस्तक निघाले. त्यातील कथा अशी : तेरेबिंथुस नावाचा मनुष्य बाबिलोनियात येऊन स्वतःला ‘बुद्ध’ म्हणवू लागला आणि कुमारिकेपोटी जन्मल्याचे सांगू लागला. छपरावर मंत्रतंत्र करताना तो खाली पडून मेला. त्याची पुस्तके एका विधवेकडे राहिली. तिने एक गुलाम मुलगा विकत घेतला, तोच पुढे मानी झाला. जेरुसलेमचा बिशप सिरिल याने दीक्षार्थींना दिलेल्या प्रवचनांतही ही कथा सांगितली.

यात मानीच्या विचाराला उत्तर कोठे आहे? मत परके, गुरू भोंदू, शिष्य गुलाम. एवढे ठरले की वाद जिंकला, अशी ही रीत. वस्तुतः याच परंपरेतील अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट याने इ. स. २०० च्या सुमारास, भारतात बुद्धाच्या उपदेशाने चालणारे लोक आहेत आणि त्याच्या थोर पावित्र्यामुळे ते त्याला देव मानतात, असे लिहिले होते. ‘देव’ हा शब्द आपण मान्य करणार नाही, पण त्यात कुचेष्टा नाही.

या कथेचा निकाल लावला तो एका इवल्याशा ग्रीक पोथीने. कोलोन येथे जतन केलेल्या या पोथीचे पान साडेचार सेंटिमीटर उंच आणि साडेतीन सेंटिमीटर रुंद आहे. १९६९ पासून ती उलगडून वाचली गेली. तिच्यात मानीचे बालपण त्याच्याच अनुयायांनी सांगितले आहे : तो एका स्नानव्रती पंथात वाढला. विधवेचा गुलाम त्यात कोठेही नाही.

नऊ वर्षे मानीपंथात राहून बाहेर पडलेल्या ऑगस्टिनने मात्र मूळ प्रश्नालाच हात घातला. दुःख आणि दुष्टता येते कोठून? मानीपंथ म्हणे, प्रकाश व अंधार ही दोन तत्त्वे अनादी आहेत आणि अंधाराने आक्रमण केले. ऑगस्टिनने विचारले, ईश्वराला इजा होऊच शकत नसेल, तर त्याने आत्म्यांना या लढाईत का लोटले? आणि इजा होऊ शकत असेल, तर तो अविनाशी कसा? इ. स. ३९२ मध्ये उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथे फोर्तुनातुस या मानीपंथी आचार्याशी त्याचा दोन दिवस जाहीर वाद झाला. लघुलेखकांनी दोघांचे बोलणे उतरवून घेतले, त्यामुळे फोर्तुनातुसची बाजूही आज वाचता येते. दुसऱ्या दिवशी त्याला उत्तर सुचेना. आपल्या पंथातील ज्येष्ठांना विचारून पाहतो, असे सांगून तो उठला आणि पुढे हिप्पो सोडून निघून गेला.